माळ्यावरचा फंक

शाळेच्या बँडकडून कुणी फार अपेक्षा ठेवत नाही. पंधरा ऑगस्टला प्रभातफेरीच्या पुढे चालावं, प्रमुख पाहुणे गाडीतून उतरताना ढोल बडवावा, आणि बिगुलवाल्याला मध्येच दम लागला तर बाकीच्यांनी जोर लावून ते झाकून न्यावं, एवढं जमलं की मुख्याध्यापक खूश. अमेरिकेतल्या शाळांमध्येही १९६०च्या दशकात याहून फार वेगळं चित्र नव्हतं. तिथल्या ‘स्टेज बँड’नी कोट-टाय घालून खुर्चीत बसायचं, समोरच्या कागदातून डोकं वर न काढता आजोबांच्या जमान्यातल्या स्विंगच्या चाली वाजवायच्या, पालकांनी टाळ्या द्यायच्या आणि सगळ्यांनी वेळेत घरी जाऊन जेवायचं.

टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात ही शिस्त मोडली. शहराच्या ईशान्येला कॅशमियर गार्डन्स नावाची कृष्णवर्णीयांची कष्टकरी वस्ती आहे. तिथल्या कॅशमियर हायस्कूलमध्ये कॉनराड जॉन्सन संगीत शिकवत. मुलं त्यांना नुसतं ‘प्रोफ’ म्हणत. जन्म १९१५चा, हातात सॅक्सोफोन, आणि तयारी इतकी की मोठ्या वाद्यवृंदाबरोबर गावोगाव हिंडून नाव काढता आलं असतं. पण वाद्यवृंदाच्या बसमध्ये संसार मावत नाही. प्रोफनी शाळा धरली. पुढे एकदा त्यांनी गायक ओटिस रेडिंगचा कार्यक्रम पाहिला. रेडिंग रंगमंचावर जो धुमाकूळ घालत असे, तो पाहून बाकीचे प्रेक्षक घामाघूम होऊन घरी गेले असतील. या पन्नाशी ओलांडलेल्या मास्तरांच्या डोक्यात मात्र वेगळंच शिरलं: हे आपल्या पोरांना का जमू नये?

पोरांना जमलं. जरा जास्तच जमलं. कॅशमियर स्टेज बँडची मुलं उंच टाचांचे बूट आणि बेलबॉटम घालून उभी राहत, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या रांगा एकदम डावीकडे झुकत, एकदम उजवीकडे वळत, आणि वाजवत ते सोल आणि फंक. सोल म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांचा आर्त सूर घेऊन ऐहिक प्रेमाचं गाऱ्हाणं मांडणारं संगीत. फंकमध्ये गाऱ्हाणं मागे पडतं आणि ठेका पुढे येतो. फंक गायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांना सतत बजावत असे, की मधे काय हवी ती कसरत करा, पण पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकदम पडायचं. आपल्याकडे तबलजी आणि गायक समेवर भेटले की श्रोते मान हलवतात. तिथे दोन-दोन ड्रम, बास, गिटार आणि डझनभर पितळी वाद्यं समेवर एकदम आदळली की श्रोत्यांना मानेबरोबर बाकीचंही सगळं हलवावं लागतं.

स्पर्धांमध्ये समोर बहुतेक गोऱ्या मुलांच्या शाळा असत, त्यांचे कोट इस्त्रीचे, त्यांचा स्विंगही इस्त्रीचा. मग कॅशमियरची पोरं येत. १९६९ ते १९७७ या काळात त्यांनी ४६ स्पर्धांत भाग घेतला आणि ४२ जिंकल्या, असा हिशेब सांगितला जातो. उरलेल्या चार स्पर्धांचे परीक्षक त्या दिवशी कशात गुंतले होते, हा संशोधनाचा विषय आहे. १९७२मध्ये अलाबामातल्या मोबील शहरी देशभरातल्या शाळांच्या स्टेज बँडची मोठी स्पर्धा झाली, तीही त्यांनीच मारली. पुढे शाळकरी पोरांचा हा ताफा युरोप आणि जपानपर्यंत जाऊन आला.

प्रोफची दूरदृष्टी अशी, की त्यांनी हे सगळं ध्वनिमुद्रित करून ठेवलं. मुलांनी आधी रियाज करायचा, मग स्टुडिओत जाऊन खऱ्या वादकांसारखं वाजवायचं, आणि त्याची एलपी निघायची. कंपनीचं नाव क्रॅम रेकॉर्ड्स. एलपींची नावंही एकेक: ‘बंपर टू बंपर सोल’, ‘झीरो पॉइंट’. १९७३च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं आणि अमेरिकेत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. ह्यूस्टन म्हणजे अमेरिकेच्या तेलधंद्याची राजधानी, तिथेच ही पंचाईत. १९७४च्या कॅशमियरच्या एलपीचं नाव आहे ‘आउट ऑफ गॅस, बट स्टिल बर्निंग’. टाकी रिकामी, तरी भडका चालूच. दहावी-बारावीच्या वयात इतका चावटपणा सुचायला मास्तरही तसेच लागतात.

या एलपी घेत कोण? मुख्यतः वाजवणाऱ्यांचे नातेवाईक आणि वस्तीतली मंडळी. एलपी निघायची ती मर्यादित संख्येत, आणि मुलगा तिसऱ्या रांगेत ट्रॉम्बोन वाजवतो म्हटल्यावर आत्याला ती घ्यावीच लागणार. आत्या ती एकदा ऐकणार, कव्हरवर भाच्याला शोधणार, मग पाहुण्यांना दाखवायला दिवाणखान्यात उभी करणार. १९७८मध्ये प्रोफ निवृत्त झाले. पोरं नोकरीधंद्याला लागली. दिवाणखान्यातली एलपी कपाटात गेली, कपाटातून गॅरेजमध्ये, आणि गॅरेज आवरायचा दिवस उजाडला तेव्हा जुन्या कपड्यांसोबत धर्मादाय दुकानात. ज्यांच्या घरातलं मूल बँडमध्ये नव्हतं त्या उरलेल्या अमेरिकेला यातलं काही कळलंच नाही.

इथे या कथेत दुसरी जमात प्रवेश करते. तिला इंग्रजीत ‘क्रेट डिगर’ म्हणतात, म्हणजे जुन्या रेकॉर्डींचे क्रेट उपसणारे लोक. हे बहुधा पुरुष असतात, कमरेत वाकलेले असतात, आणि त्यांच्या बोटांची टोकं कायम काळी असतात. रेकॉर्ड हातात घेण्याची त्यांची पद्धत पाहण्यासारखी असते. दोन तळव्यांच्या कडांमध्ये तबकडी धरायची, बोट खाचांना लागू द्यायचं नाही, मग ट्यूबलाइटखाली ती हळूहळू तिरकी करत न्यायची. ओरखडे दिसतात ते तेव्हाच. त्यानंतर नाकाशी नेऊन, शेवटची खाच आणि मधलं लेबल यांच्यातला तो काळा कोरा पट्टा वाचायचा. तिथे कारखान्याने सुईने कोरलेला क्रमांक असतो. त्या चार-पाच खरडींवरून ही रेकॉर्ड कुठल्या गावच्या कारखान्यात, अंदाजे कधी दाबली गेली हे ते सांगतात. बायकोचा वाढदिवस त्यांना तेवढ्याच खात्रीने सांगता येईल असं नाही.

यांच्यामुळे कॅशमियरचं नशीब पालटलं. नव्वदच्या दशकात हिप-हॉपवाल्यांना जुन्या फंकमधले ठेक्याचे तुकडे हवे होते, आणि जेम्स ब्राउनचे तुकडे तोवर सगळ्यांनी चघळून चोथा केले होते. ज्याच्याकडे कुणालाच ठाऊक नसलेला ठेका, तो राजा. डीजे शॅडोने १९९९मध्ये ‘हँडसम बॉय मॉडेलिंग स्कूल’ या जोडगोळीच्या ‘होली कॅलॅमिटी’ या गाण्यात ‘कॅशमियर’ ही प्रोफच्या पोरांची रचना वापरली. जगभरातले तरुण त्या ठेक्यावर माना हलवू लागले. तो वाजवणारी मुलं तोवर चाळिशी ओलांडून गेली होती.

मग इगॉन आला. खरं नाव ईओथेन अलापट, धंदा जुनं संगीत शोधून हक्कांसह पुन्हा प्रसिद्ध करण्याचा, कंपनीचं नाव नाऊ-अगेन. संग्राहक एकेका कॅशमियर एलपीसाठी बाजार पालथे घालत असताना त्याने सोपा मार्ग धरला आणि प्रोफनाच गाठलं. प्रोफ ह्यूस्टनमध्येच होते. त्यांनी सगळं जपून ठेवलं होतं. काखेत कळसा म्हणतात तो हा. २००६मध्ये ‘टेक्सास थंडर सोल’ नावाने दोन सीडींचा संच निघाला, आणि कॅशमियर स्टेज बँडचा ‘शोध’ लागला म्हणून जाणकारांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

या ‘हरवलेल्या ध्वनिमुद्रणां’ची गंमत हीच आहे. ज्यांची ती असतात त्यांच्या लेखी ती हरवलेली नसतातच. मास्तरांना विचारलं असतं तर त्यांनी कपाट उघडून दाखवलं असतं. पण तीस वर्षांत विचारायला कुणी गेलं नाही, आणि गेल्यावर त्याला शोध म्हणायची पद्धत आहे. कोलंबसाबाबतही हेच झालं होतं. फरक इतकाच, की इगॉनने हक्काचे पैसे दिले आणि कुणाच्या घरात घुसला नाही.

संच निघाल्यावर गोष्ट रेडिओवर गेली, रेडिओवर ती मार्क लँड्समन या दिग्दर्शकाने ऐकली, आणि त्यातून ‘थंडर सोल’ हा माहितीपट झाला. टेक्सासचाच अभिनेता जेमी फॉक्स त्याच्यामागे निर्माता म्हणून उभा राहिला. माहितीपटातला मुख्य प्रसंग फेब्रुवारी २००८चा. बँडचे जुने विद्यार्थी पन्नाशीत पोचलेले, कुणी तीस वर्षांत वाद्याला हात लावलेला नाही, कुणाचे ओठ ट्रम्पेट विसरलेत, कुणाची पँट कंबर. तरी सगळे शाळेत जमले, तालमी केल्या, आणि ९२ वर्षांच्या मास्तरांपुढे वाजवलं. प्रोफ नुकतेच हृदयविकाराच्या झटक्यातून उठून आले होते. त्यांनी कार्यक्रम ऐकला आणि दोन दिवसांनी, ३ फेब्रुवारीला, ते गेले. २०१७मध्ये ‘बेबी ड्रायव्हर’ चित्रपटात ‘कॅशमियर’ पुन्हा वाजलं, तेव्हा गाड्यांचा पाठलाग बघायला आलेल्या पब्लिकला हे शाळेचं गॅदरिंग आहे असं सांगूनही पटलं नसतं.

हाच डीजे शॅडो आणि ‘हँडसम बॉय’मधला एक जोडीदार, डॅन द ऑटोमेटर, यांनी ‘होली कॅलॅमिटी’च्याच सुमारास मुंबईवरही हात साफ केला होता. कल्याणजी-आनंदजींनी सत्तरच्या दशकात मारधाडपटांना दिलेलं पार्श्वसंगीत अमेरिकेत पोचलं. व्हा-व्हा करणारी गिटार, बोंगो, आणि खलनायक अड्ड्यात शिरताना वाजणारे ते ट्रम्पेट. ऑटोमेटरने त्यावर संस्कार केले, शॅडोने ड्रम चढवले, आणि ‘बॉम्बे द हार्ड वे’ नावाचा अल्बम निघाला. त्यातल्या तुकड्यांना नावं मात्र अशी दिली: ‘फिस्ट्स ऑफ करी’, ‘गँजिस अ गो-गो’. मुंबईच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या संगीतात गंगा कुठून आली हे विचारायची सोय नव्हती. आपल्याकडे ज्यांनी हे चित्रपट टॉकीजमध्ये बसून पाहिले होते त्यांना यात फंक आहे हे कळलंच नव्हतं. त्यांचं लक्ष अमिताभच्या लाथेकडे होतं आणि पार्श्वसंगीत त्या लाथेचाच भाग वाटत होतं. २००५मध्ये ब्लॅक आइड पीज या बँडने ‘डॉन’ आणि ‘अपराध’मधल्या चाली घेऊन एक गाणं केलं, ते चाललं, ग्रॅमी मिळालं, आणि पाठोपाठ कल्याणजी-आनंदजींनाही अमेरिकेतल्या बीएमआय या संस्थेचा पुरस्कार मिळाला. कल्याणजी त्याआधीच, २०००मध्ये, गेले होते.

इगॉनच्या नाऊ-अगेननेही मुंबईत हात घातला. ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ हा सत्तरच्या दशकातला मुंबईचा बँड, हॉटेलं आणि कॉलेजांचे कार्यक्रम गाजवणारा. त्यांच्या एकुलत्या एका एलपीचं नाव ‘ऑब्सेशन ७७’, आणि ती बाजारात आली १९८१मध्ये. शहराच्या एकंदर सवयी पाहता चार वर्षं म्हणजे वेळेतच म्हणायची. पण तोवर बँड विखुरला होता, आणि गिऱ्हाईक डिस्कोच्या नादाला लागलं होतं. २०११मध्ये ही ध्वनिमुद्रणं अमेरिकेतून पुन्हा निघाली आणि मग आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी मुंबईत असा बँड होता याची दखल घेतली.

कलाकार सापडला तरी तो संग्राहकांच्या कल्पनेत बसतोच असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात डॅरोंडो नावाचा गायक होता. सत्तरच्या सुरुवातीला त्याने तीन रेकॉर्डी काढल्या, पांढऱ्या रोल्स-रॉइसमधून हिंडला, आणि गायब झाला. त्याच्या मखमली, अर्धवट कुजबुजत्या आवाजावर वेडे झालेल्या संग्राहकांनी त्याच्याबद्दल नाना दंतकथा रचल्या. सापडला तेव्हा कळलं, की गृहस्थ मधल्या काळात इस्पितळात फिजिओथेरपिस्ट म्हणून लोकांचे गुडघे वाकवत होते. दंतकथावाल्यांची निराशा झाली असणार. गुडघेवाल्यांची नक्कीच झाली नसेल.

पेनीची गोष्ट याच्या उलट. तिथे गाणं सगळ्यांना ठाऊक आणि गाणारीच बेपत्ता. ओहायोतल्या कोलंबस शहरात सत्तरच्या दशकात प्रिक्स नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी होती, ती यथावकाश बुडाली. पुढे एका घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत तिच्या टेपांचं खोकं निघालं. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या कंपनीने २००७मध्ये त्यातली गाणी प्रसिद्ध केली. एका टेपवर ‘पेनी अँड द क्वार्टर्स’ एवढंच लिहिलेलं होतं. गाणं ‘यू अँड मी’, एक गिटार, एक मुलगी, मागे तीन-चार आवाज, तालमीत मुद्रण करून ठेवावं तसं. ते अभिनेता रायन गॉस्लिंगला आवडलं आणि २०१०च्या ‘ब्लू व्हॅलेंटाइन’मध्ये त्याचं पात्र ते आपल्या प्रेयसीला ‘आपलं गाणं’ म्हणून ऐकवतं. ‘जे कुणालाच ठाऊक नाही’ ही त्या दृश्याची अटच होती, आणि ती इतकी काटेकोर पाळली गेली, की गाणारी कोण हे न्यूमेरोवाल्यांनाही ठाऊक नव्हतं. पैसे द्यायचे आहेत, घेणारा माणूस सापडत नाही, असा प्रसंग संगीताच्या धंद्यात विरळा. एरवी घेणारे दारात उभे असतात आणि देणारा सापडत नाही. कोलंबसच्या वृत्तपत्रांनी बातम्या छापल्या, आणि २०११मध्ये उलगडा झाला: पेनी म्हणजे नॅनी शार्प, आणि क्वार्टर्स म्हणजे तिचे भाऊ व गीतकार जे रॉबिन्सन. रॉबिन्सन २००९मध्येच वारले होते. पेनीला आपलं गाणं चित्रपटात आहे, हे बाकी जग ते गुणगुणू लागल्यावर कळलं.

तरी या सगळ्या मंडळींनी निदान रेकॉर्ड शोधून लोकांना ऐकवली. इंग्लंडच्या उत्तरेला यावरही ताण करणारे लोक होते. ‘नॉर्दर्न सोल’ या पंथाचं मुख्य तीर्थक्षेत्र म्हणजे विगन या खाणकामगारांच्या गावातला विगन कॅसिनो, १९७३ ते १९८१. नाव कॅसिनो, पण जुगार नाही, दारूही नाही. रात्रभर थंड पेय पिऊन आणि फरशीवर टाल्कम पावडर टाकून पोरं घसरत, गिरक्या घेत, पहाटेपर्यंत नाचायची. संगीत एकच: डेट्रॉइट आणि शिकागोच्या, साठच्या दशकातल्या, सपशेल आपटलेल्या सोल रेकॉर्डी. आपटलेली असणं ही अट होती. अमेरिकेत गाजलेलं गाणं लावलं तर भक्तगण नाकं मुरडत.

त्यामुळे डीजेंमध्ये चुरस अशी, की आपल्याकडची दुर्मीळ रेकॉर्ड दुसऱ्याला ओळखूच येऊ नये म्हणून ते तिच्या लेबलवर कोरा कागद चिकटवत आणि गायकाचं भलतंच नाव जाहीर करत. फ्रँक विल्सन हा मोटाउन या रेकॉर्ड कंपनीतला गीतकार-निर्माता. त्याने १९६५मध्ये ‘डू आय लव्ह यू’ गायलं, रेकॉर्डच्या काही प्रती दाबल्या गेल्या, आणि मग त्याने गायकीपेक्षा निर्मितीच बरी असं ठरवल्यावर प्रती नष्ट करण्यात आल्या, असं सांगतात. खात्रीच्या दोनच उरल्या. विगनमध्ये हे गाणं आधी वाजलं ते ‘एडी फॉस्टर’च्या नावावर. एडी फॉस्टर हा खराखुरा, वेगळाच गायक. न गायलेल्या गाण्याबद्दल इंग्लंडमध्ये कित्येक रात्री त्याची वाहवा होत राहिली, आणि ज्याने गायलं तो अमेरिकेत दुसऱ्यांची गाणी बसवत होता.

त्या दोहोंपैकी एक प्रत २००९मध्ये २५,७४२ पौंडांना गेली. २०२०मध्ये एका प्रतीचे १,००,००० पौंड आले. जुन्या रेकॉर्डच्या फेरविक्रीत गायकाला काही मिळत नाही, आणि विल्सन तर २०१२मध्येच वारला होता. २०२२मध्ये रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने हे गाणं स्वतः गायलं आणि ते घराघरांत पोचलं. म्हणजे विगनच्या भक्तांच्या मापाने ते आता बाटलं. पण त्याच रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘स्वीटर अॅज द डेज गो बाय’ नावाचं दुसरं गाणं आहे. ते अजून फारसं कुणी लावत नाही.